कमी खर्चात गर्भधारणेची तयारी कशी करावी?
हाताशी मोजके पैसे असताना ते आधी कशावर खर्चावेत, असे आपण विचारले आहे; माझ्या मते फॉलिक अ‍ॅसिडवर. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच बंद होत असल्याने, रोज 400 मायक्रोग्रॅमची साधी गोळी किमान महिनाभर आधी सुरू करावी. (मधुमेह किंवा अपस्मार असल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.)

स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस ओळखण्याच्या ओव्ह्युलेशन किटऐवजी पाळीच्या तारखा वहीत लिहाव्यात. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बाहेर पडून जेमतेम एक दिवस टिकते, तर शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून पाळी नियमित असल्यास स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस या काळात दिवसाआड संबंध पुरेसे ठरतात.

तंबाखू व मद्य दोघांनीही सोडावे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने पतीने तर आजच. रक्तदाब, हिमोग्लोबिन, रुबेलाची लस आणि चालू औषधे यांसाठी डॉक्टरांची एक भेट मात्र कृपया टाळू नये. पस्तिशीच्या आत वर्षभर, त्यानंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास तपासणी करावी, आणि ती दोघांचीही.