वाचकांचे प्रश्न : येळवस, भज्जी आणि कडब्याची कोप

प्रश्न : आम्ही मूळचे निलंगा तालुक्यातले, आता पुण्यात स्थायिक झालो आहोत. माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पात वेळ अमावस्येची, म्हणजे आमच्या येळवशीची, नोंद ‘सुगीचा सण’ अशी केली आहे. त्या दिवशी तर पीक शेतात उभे असते. मग ही सुगी कशी? आणि ‘वेळ’ म्हणजे नेमकी कोणती वेळ?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मराठवाड्यात सुगी दोनदा होते, खरिपाची दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि रब्बीची माघ-फाल्गुनात. मार्गशीर्ष वद्य अमावस्या या दोहोंच्या मध्ये येते. त्या वेळी ज्वारी पोटरीत किंवा कणसात असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात आणि तूर काढणीला टेकलेली असते. 2024 मध्ये ही अमावस्या 11 जानेवारीला आली आणि चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे त्याच वर्षी 30 डिसेंबरला पुन्हा आली. त्यामुळे उशिरा आलेल्या अमावस्येला हुरडा मिळतो, तर लवकर आलेल्या अमावस्येला नुसते हिरवे रान. कापणीनंतरची पूजा ती खळ्यावरच्या राशीची, आणि मळणी यंत्र आल्यापासून ती बहुतेक घरांतून गेली. येळवस ही उभ्या पिकाची पूजा आहे. काळ्या आईचे पोट भरले आहे, तिची ओटी भरायची, असेच जुनी माणसे म्हणतात. मुलीला ‘सुगीचा’ हा शब्द खोडून ‘पिकाचा’ असा लिहायला सांगावे.

नावाचे म्हणाल तर ‘वेळ’ हा शब्द मागाहून शुद्ध करून घेतलेला दिसतो. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हाच सण ‘येळ्ळ अमावस्या’ म्हणून होतो, आणि कन्नडमध्ये ‘येळ्ळु’ म्हणजे तीळ. दुसरे मत असे की ‘येळु’ म्हणजे सात, आणि ज्येष्ठापासून मोजल्यास ही अमावस्या खरोखरच सातवी भरते. हिशेब जुळतो, तरी माझा कल तिळाकडे आहे. लातूर-धाराशिवचा भाग आणि बिदर-कलबुर्गी 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, सोयरिकी तर आजही आहेत. तेव्हा सणाने सीमा मानली नाही, यात नवल नाही. आंबील शिंपडताना पोरे ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ असे काहीसे ओरडत पिकातून धावतात. गावागणिक या शब्दांचे रूप बदलते आणि अर्थ कोणी विचारत नाही; कन्नडमध्ये पुरणपोळीला ‘होळिगे’ म्हणतात, एवढे लक्षात घेतले तरी कानाला पुरेसे कळते. सकाळी शिंपडलेल्या आंबिलीचे थेंब दुपारपर्यंत ज्वारीच्या पानावर वाळून पांढरे ठिपके होतात. माझ्यापुरती येळवस म्हणजे ते ठिपके.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरची, सासर औशाचे. सासूबाईंची येळवशीची भज्जी मला भोगीच्या भाजीसारखीच वाटते. दोन्ही एकच का?

उत्तर : हे वाक्य सासूबाईंसमोर न उच्चारलेले बरे. भोगीची भाजी संक्रांतीच्या आदल्या दिवशीची. तिच्यात वांगी, गाजर, घेवडा, हरभरा आणि बोरे असतात, तिला तिळाचा कूट लागतो आणि सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. भज्जीचा जीव डाळीचे पीठ आणि चिंचेचा कोळ यांत आहे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, मेथी, पातीचा कांदा, रानात आणि बाजारात जे मिळेल ते सगळे पिठात मिळून येईपर्यंत रटरटत ठेवावे लागते, म्हणून घरातल्या बायका आदल्या रात्री फारशा झोपत नाहीत. भज्जीबरोबर ज्वारी-बाजरीचे उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), गव्हाची खीर आणि आंबील हवीच. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबवलेली ही आंबील बिंदग्यात भरून, डोक्यावर घेऊन शेतात नेतात. पाहुणे न बोलावता येतात, हाही एक फरक; ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी कोणाच्या तरी बांधावर जेवतो, आणि लातूर शहराचे रस्ते दुपारी ओस पडतात.

प्रश्न : आमच्याकडे आता सोयाबीन, त्यावर हरभरा, एवढेच पीक असते. येळवशीच्या पूजेसाठी शेतात जी कोप, म्हणजे खोप, करतात तिला कडबा मिळत नाही. हिरवी जाळी बांधून पूजा केली तर चालेल का?

उत्तर : माणसांच्या सावलीसाठी जाळी खुशाल बांधा. पाच पांडव म्हणून पुजतात त्या दगडांची कोप मात्र कडब्याची असावी, असे मला वाटते. चुना आणि कावेने रंगवलेले ते पाच दगड प्लास्टिकच्या हिरव्या उजेडात फार केविलवाणे दिसतात. कोपीला लागतात पाचच पेंढ्या, शेंडे एकत्र बांधून बुडखे पसरले की झाले. शेजाऱ्याकडे मागा किंवा बाजारातून विकत आणा. लातुरात अलीकडे सणाच्या आधी पेंढ्या विकायला येतात. त्याहून बरे म्हणजे येत्या आश्विनात हरभऱ्याच्या कडेने ज्वारीची चार तासे (ओळी) धरा. अमावस्या उशिरा आली तर त्याच येळवशीला हुरडा मिळेल. कोपीला घरचा कडबा मात्र त्याच्या पुढच्या वर्षी.