कथा छापायला दे, विकून टाकू नकोस

प्रिय कथाकार,

तुझं पत्र मिळालं, सोबतच्या कथाही वाचल्या. कथांबद्दल सविस्तर नंतर लिहीन, कारण त्यांतल्या एकीच्या शेवटावर मला अजून विचार करायचा आहे. आज तुझ्या प्रश्नाचं बघू: कथेचे पैसे देणारी नियतकालिकं सापडतात कुठे, आणि त्यांतली धड कोणती हे ओळखायचं कसं? तुझ्या कथा इंग्रजीत आहेत, म्हणून इंग्रजी नियतकालिकांपुरतंच बोलते.

त्याआधी तुला आलेली ती मेल. कथा ‘स्वीकारली’ आहे, आता संपादन आणि मांडणीच्या खर्चापोटी तू काही रक्कम भरावीस, असं ते म्हणतात. भरू नकोस. ‘कथा मागे घेत आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर पुरे. जेम्स डी. मॅकडॉनल्ड या लेखकाने सांगितलेला एक नियम इंग्रजी लेखकांमध्ये ‘योग्ज लॉ’ या नावाने प्रसिद्ध आहे: पैसा लेखकाकडे आला पाहिजे. संपादन, मांडणी, चित्रं, छपाई हा सगळा प्रकाशकाचा खर्च, आणि तो वाचकांकडून नाहीतर जाहिरातदारांकडून उभा करणं हे त्याचं काम. लेखकांच्याच पैशांवर अंक निघत असेल तर तो कुणी वाचावा याची निकड प्रकाशकाला राहत नाही, आणि मग तो वाचलाही जात नाही. एखाद्या नावाबद्दल शंका आली तर ‘रायटर बिवेअर’वर शोध. लेखकांना लुबाडणारे प्रकाशक, एजंट आणि स्पर्धा यांच्यावर ही मंडळी १९९८ पासून नजर ठेवून आहेत.

वाचनशुल्क मात्र वेगळ्या खात्यात मांड. अनेक साहित्यिक त्रैमासिकं, विशेषतः विद्यापीठांशी जोडलेली, ऑनलाइन कथा पाठवताना तीनेक डॉलर घेतात. यात लबाडी नसते, पण दहा ठिकाणी पाठवलीस की तीस डॉलर गेले. विज्ञानकथा, भयकथा, रहस्यकथा यांच्या चांगल्या मासिकांत ही पद्धत जवळपास नाहीच. विनाशुल्क ठिकाणं संपेपर्यंत शुल्क घेणाऱ्यांकडे वळू नये, असं माझं मत आहे.

आता शोधायचं कुठे. दोन सूची आधी उघड. ‘सबमिशन ग्राइंडर’ मोफत आहे आणि २०१३ पासून चालू आहे. ‘ड्युओट्रोप’ २००५ साली सुरू झाली, २०१३ पासून तिला वर्गणी आहे. साहित्यिक नियतकालिकं तिथे अधिक सापडतात. दोन्हीकडे कथाप्रकार, शब्दसंख्या आणि किमान मानधन टाकून शोधता येतं. पण या सूचींचं खरं मोल दुसऱ्याच गोष्टीत आहे. आपली कथा कधी पाठवली, उत्तर कधी आलं, होकार की नकार, हे लेखक स्वतः तिथे नोंदवतात. त्यामुळे एखादं मासिक खरोखर किती दिवसांत उत्तर देतं हे कळतं. ‘साठ दिवसांत कळवू’ असं लिहिलेलं असतं आणि नोंदींत सात-सात महिने थांबलेल्या कथा दिसतात. अलीकडे एकाही लेखकाला उत्तर आलेलं नसेल, तर ते मासिक मिटलं असण्याचा संभव मोठा, भलेही त्याचं संकेतस्थळ अजून उघडत असो.

सूची हे फक्त दार. तिथून थेट मासिकाच्या स्वतःच्या नियमांच्या पानावर जायचं, कारण दर, विषय आणि कथा स्वीकारण्याचा काळ हे सगळं बदलत राहतं. शेवटचा अंक कधी निघाला तेही तिथेच पाहून घे.

दुसरी वाट मला जास्त आवडते, कारण ती वाचनातून जाते. दरवर्षी निवडक कथांचे संग्रह निघतात. त्यांतली प्रत्येक कथा प्रथम कुठे छापली गेली हे पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी दिलेलं असतं. ते पान वहीत उतरवून काढ. तसंच, ज्यांच्या कथा तुझ्या कथांच्या जातकुळीच्या वाटतात त्या लेखकांचा परिचय वाच. त्यात आधी कुठेकुठे लिहिलं हे असतंच. असं चार-पाच लेखकांचं केलंस की तीच ती सात-आठ नावं पुन्हापुन्हा दिसू लागतील. मग त्यांचे अलीकडचे दोन-तीन अंक वाच. ऑनलाइन मासिकांतल्या बऱ्याच जणांचे अंक फुकट वाचायला मिळतात, त्यामुळे न वाचता कथा धाडण्याला काही सबब नाही.

दराचं सांगते. इंग्रजीत मानधन बहुधा शब्दामागे मोजतात. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांची ‘सायन्स फिक्शन अँड फँटसी रायटर्स असोसिएशन’ ही संघटना व्यावसायिक दर कशाला म्हणायचं हे ठरवत आली. तिने हा दर २०१४ मध्ये शब्दाला ६ सेंट केला आणि सप्टेंबर २०१९ पासून ८ सेंट. सूचींमध्ये ‘प्रो’, म्हणजे व्यावसायिक, म्हणतात तो दर साधारण याच्या आसपासचा. त्याखाली ‘सेमी-प्रो’, आणि त्याहून खाली नाममात्र मानधन देणारे. तुझी चार हजार शब्दांची कथा ८ सेंटच्या दराने गेली तर ३२० डॉलर होतात. नाममात्र दरवाल्यांकडे तीच कथा दहा-वीस डॉलरांत जाईल. साहित्यिक त्रैमासिकांचं गणित निराळं. कुणी पानामागे देतं, कुणी कथेला ठरावीक रक्कम, आणि पुष्कळ जण अंकाच्या दोन प्रतींवर भागवतात.

लांबीचाही मानधनाशी संबंध आहे. ह्युगो आणि नेब्युला या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या पुरस्कारांच्या नियमांत साडेसात हजार शब्दांच्या आत ती लघुकथा. त्यापुढे साडेसतरा हजारांपर्यंत वेगळा गट. पण तुझी जी कथा अकरा हजारांवर गेली आहे तिला घेणारी मासिकं मोजकीच, कारण तेवढ्या पानांत आणि तेवढ्या पैशांत संपादकाला दोन-तीन लेखक छापता येतात. ती कथा कापायची का, याचा निर्णय कथेकडे बघून घे, बाजाराकडे बघून नको. फक्त तिच्यासाठीची यादी छोटी असणार हे धरून चाल.

पाठवायचं कुठून सुरू करायचं, यावर तुला सगळे सांगतील की नवोदिताने लहान मासिकांपासून पायरीपायरीने वर जावं. मला हे पटत नाही. चांगल्या मासिकाचा संपादक आलेल्या कथांतून पुढच्या अंकासाठी कथा शोधत असतो. लेखकाच्या नावामागे काय आहे हा त्याच्यासाठी फार नंतरचा प्रश्न. १९४१ पासून निघणाऱ्या ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये पहिल्यांदाच छापून येणाऱ्या लेखकांसाठी ‘डिपार्टमेंट ऑफ फर्स्ट स्टोरीज’ हे खास सदर आहे. ‘असिमोव्ह्ज’ आणि ‘क्लार्क्सवर्ल्ड’ ही विज्ञानकथांची नियतकालिकंही नव्यांच्या कथा घेतात. म्हणून यादी वरून खाली लाव: तुझ्या कथेला शोभेल अशा सर्वांत चांगल्या जागेपासून. तिथून नकार आला की पुढची. खालून वर जाता येत नाही, कारण कथा एकदा फुकट कुठेतरी छापली गेली की ती ‘अप्रकाशित’ राहत नाही, आणि मोठी मासिकं जवळजवळ सगळी फक्त अप्रकाशितच कथा घेतात. हे तुझ्या स्वतःच्या पानावर टाकलेल्या कथेलाही लागू आहे. सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी टाकलेली कथा बहुतेक संपादक प्रकाशितच मानतात. तेव्हा ती समुद्रावरची कथा मित्रांना दाखवायची असेल तर मेलने पाठव, खुली टाकू नकोस.

अनुवादाचं तू विचारलं होतंस. मूळ भाषेत छापून आलेली, पण इंग्रजीत प्रथमच येणारी कथा पुष्कळ मासिकं नवी म्हणून घेतात. मात्र मूळ प्रकाशकाला तू अनुवादाचे हक्क देऊन बसलेलं नसावंस.

हक्कांचं आता नीट बोलू, कारण माझा सगळा आग्रह त्यासाठीच आहे. कथेचे पैसे घेणं म्हणजे घर भाड्याने देण्यासारखं आहे: किती काळ, कुठल्या वापरासाठी, आणि मुदत संपली की किल्ली परत कशी, हे कागदावर हवं. लेखनावर तुझा स्वामित्वहक्क ते लिहिल्या क्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. स्वामित्वहक्काविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केलेली ही गोष्ट जगातल्या बहुतेक देशांत लागू आहे. मासिक तुझ्याकडून त्यातला एक तुकडा वापरायला मागतं. साधारणपणे तो असतो इंग्रजीतला प्रथम प्रकाशनाचा हक्क, सोबत काही महिने ते वर्षभर इतरत्र न छापण्याची अट, आणि ऑनलाइन असेल तर जुन्या अंकांत कथा ठेवू देण्याची बिनमक्तेदारीची परवानगी, म्हणजे तीच कथा तू इतरत्रही देऊ शकतेस अशी. एवढं रास्त आहे.

‘सर्व हक्क’ हे शब्द दिसले की थांब. ‘वर्क फॉर हायर’ दिसलं तरी थांब, कारण त्याचा अर्थ कथा तुझी नाहीच, त्यांची. दृक्-श्राव्य रूपांतर, नाटक, पात्रांचा वापर, इतर भाषा, आणि आता संगणकीय प्रारूपांना, म्हणजे एआयला, शिकवण्यासाठी मजकूर वापरणं, यातलं काहीही लघुकथेच्या मासिकाला लागत नाही. ते कलम खोडायला सांगावं. समज, कथा आल्यावर तीन वर्षांनी एखाद्या श्राव्य मालिकेने ती मागितली. हक्क तुझ्याकडे असतील तर पुन्हा पैसे येतील. ‘एस्केप पॉड’ (२००५) आणि ‘सूडोपॉड’ (२००६) यांच्यासारखी श्राव्य मासिकं आधी छापलेल्या कथा मानधन देऊन घेतात. निवडक संग्रहवाले विचारतील, पुढे तुझा स्वतःचा संग्रह निघेल. कथेची बरीचशी कमाई अशी पहिल्या छपाईनंतरची असते, आणि सुरुवातीच्या तीनशे डॉलरांच्या आनंदात ती देऊन टाकणारे लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेकदा नुसतं विचारलं असतं तरी ते कलम गळलं असतं.

आणखी दोन कलमं. पैसे स्वीकृतीनंतर की प्रकाशनानंतर? स्वीकृतीनंतर देणारे बरे. प्रकाशनानंतर देणारे असतील तर ‘अमुक महिन्यांत छापलं नाही तर हक्क आपोआप लेखकाकडे परत’ ही ओळ असलीच पाहिजे, नाहीतर कथा वर्षानुवर्षं अडकून पडते. स्पर्धांमध्ये तर नियमच बारकाईने वाच. बक्षीस एकालाच आणि हक्क मात्र सगळ्या प्रवेशिकांवर, असंही लिहिलेलं सापडतं.

पाठवण्याच्या रीतीबद्दल फार नाही. नियमांत सांगितलं असेल तेच स्वरूप. काही सांगितलं नसेल तर साधा टंक, दुहेरी अंतर, पानावर क्रमांक. सोबतचं पत्र तीन ओळींचं: कथेचं नाव, शब्दसंख्या, आधी छापून आलं असेल तर कुठे. नसेल तर ती ओळ गाळ, त्याबद्दल दिलगिरी नको. कथेचा सारांश देऊ नकोस. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी चालते का हे दर वेळी पाहा. साहित्यिक त्रैमासिकं बहुधा चालवून घेतात, ‘क्लार्क्सवर्ल्ड’ आणि ‘असिमोव्ह्ज’ घेत नाहीत. जिथे चालतं तिथेही एकीकडून होकार आला की त्याच दिवशी दुसरीकडून मागे घे.

कथा यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेली नाही, असं अलीकडे बऱ्याच ठिकाणी कबूल करावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’कडे यंत्रलिखित कथांचा असा लोंढा आला की संपादक नील क्लार्क यांना कथा घेणंच काही आठवडे थांबवावं लागलं. झटपट पैशांच्या नादात आलेल्या त्या लोकांमुळे तुझ्यासारख्यांच्या वाटेत एक जास्तीची चौकशी उभी राहिली. ती अट मनापासून पाळ.

प्रत्येक कथेसाठी वहीत एक पान ठेव: कुठे, कधी, उत्तर काय, पुढे कुठे. पुढचं नाव कथा पाठवायच्या दिवशीच लिहून ठेव, म्हणजे नकार आला तर त्या संध्याकाळी मन थाऱ्यावर नसतानाही काय करायचं ते समोर असेल. सगळ्यांना जातो त्या ठरावीक मजकुराच्या नकाराचे अर्थ काढत बसू नकोस. संपादकाने स्वतःहून कथेबद्दल दोन वाक्यं लिहिली किंवा पुढची कथा मागितली, तर मात्र ते नाव अधोरेखित कर आणि पुढची चांगली कथा आधी त्यांनाच दाखव.

या आठवड्यात पहिल्या दोन कथांच्या याद्या करून मला पाठव, प्रत्येकी पाच नावं, दर आणि हक्कांच्या ओळीसकट. आणि कुठूनही करार आला, कितीही छोट्या मासिकाचा असो, तर सही करण्याआधी मला दाखव. आपण कलमाकलमाने बसून वाचू.

सस्नेह