गाईचं दूध : कुणाला, किती आणि कशाच्या जोडीला

दुधाबद्दल विचारा म्हटलं आणि सोलापूर शहरातून, मंगळवेढ्यातून, पार करमाळ्याहून प्रश्न आले. बऱ्याच जणांचा सूर एकच होता : “एका वाक्यात सांगा, गाईचं दूध चांगलं की वाईट?” एका वाक्यात हे सांगता येत नाही. जे तान्ह्या बाळाला बाधतं, तेच त्याच्या आजीला हवं असतं. म्हणून ज्याचा प्रश्न, त्याला त्याचं उत्तर.

“मुलगी आठ महिन्यांची आहे. अंगावरचं दूध तिला पुरत नाही असं सासूबाईंना वाटतं. गाईचं दूध हलकं असतं, पाणी घालून सुरू कर म्हणतात. करू का?” – एक आई, जुळे सोलापूर

नको, ताई. वर्षाची होईपर्यंत गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच वरचं दूध प्यायला देऊ नका. सासूबाईंना नातीची काळजी आहे म्हणूनच त्या म्हणतात, तेव्हा हे उत्तर त्यांनाच वाचून दाखवा.

गाईचं दूध वासरासाठी आहे. वासराचं वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट होतं, आपल्या बाळाला त्याला चार-पाच महिने लागतात. त्यामुळे गाईच्या दुधात आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट प्रथिनं असतात, क्षारही जास्त असतात. हा जादा भार बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : या दुधात लोह नसल्यात जमा असतं आणि दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. काही बाळांच्या आतड्यातून तर गाईच्या दुधाने थेंब थेंब रक्त जातं, डोळ्यांना न दिसण्याइतकं. जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्यापर्यंत संपत आलेला असतो. नेमक्या त्याच वेळी आपण वाटी-चमच्याने दूध सुरू करतो आणि वर्षभरात अंगातलं रक्त कमी होऊन मूल पांढरंफटक दिसू लागतं. पाणी घातल्याने दूध हलकं होत नाही, फक्त बाळाचं पोट रिकाम्या पाण्याने भरतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं आणि पुढेही. बाळाला लघवी भरपूर होते का, अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ चढते का, हे बघा. दोन्ही होत असेल तर तुमचं दूध पुरतंय. खरंच कमी पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून फॉर्म्युला, म्हणजे बाळांसाठीचं डब्यातलं दूध द्या. या वयाला वरणात कुस्करून मऊ केलेली ज्वारीची भाकरी, मुगाची खिचडी, घरात चालत असेल तर उकडलेलं अंडं द्या. नाचणीची पेज पाण्यात शिजवा, दुधात नको. जेवणात चमचाभर दही चालतं. आणि आशाताई लोहाचं पातळ औषध देतात, ते आठवड्यातून दोनदा न चुकता द्या.

“नातू तीन वर्षांचा. दिवसाला लिटरभर दूध पितो, तेही बाटलीने. जेवायला मात्र तोंड उघडत नाही. दूध पितोय म्हणजे पोषण होतंय ना?” – एक आजोबा, बार्शी

आजोबा, तो जेवत नाही कारण तो लिटरभर दूध पितो. एवढ्या दुधात सहाशे-सातशे उष्मांक असतात. या वयाच्या मुलाची निम्म्याहून जास्त गरज तिथेच भागली, मग भूक लागायची कुठून? शिवाय दुधात लोह नसतं, तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर आजच, लोह कमी झालेली मुलं असं खातात. दूध दिवसाला चारशे मिलिलिटरच्या आसपास आणा, पेल्यातून, तेही जेवण झाल्यावर. बाटली बंदच करा. चार-पाच दिवस घर डोक्यावर घेईल. तेवढे दिवस तुम्ही आणि आजींनी मिळून खंबीर राहायचं. सहाव्या दिवशी तो भाकरीचा तुकडा मागेल. असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

“मी यंत्रमागावर काम करतो. तीन वर्षांत दोनदा मुतखडा झाला. खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध, दही, ताक सगळं सोडलंय. आणखी काय सोडू?” – पूर्व भाग, सोलापूर

दादा, आणखी काही सोडू नका. जे सोडलंय ते आधी परत सुरू करा.

हा गैरसमज सोलापुरात घरोघरी आहे, आणि कुणी तरी डॉक्टरांनीच कधी काळी सांगितलेला असतो. पूर्वी खरोखर तसंच शिकवलं जायचं. खडा कॅल्शियमचा, मग कॅल्शियम बंद, इतका सरळ हिशेब. पण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि त्यातला खरा खोडसाळ भाग ऑक्झलेट. पालक, चुका, शेंगदाणे, काजू, चहा यांतून ते पोटात येतं. जेवणाबरोबर दही-ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम या ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडते. खडा तिथे बनतो.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. इटलीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्यांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी. पहिल्या साठांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या साठांपैकी १२ जणांना.

शेंगाचटणीत दही कालवून भाकरीशी खायची आपली जुनी सवय ऑक्झलेटच्या हिशेबानेही अचूक आहे. चटणी कोरडी खाऊ नका, दह्यातच खा, आणि तिच्यातलं मीठ निम्मं करा. जादा मीठ लघवीतून कॅल्शियम ओढून बाहेर काढतं. सगळ्यात मोठं कारण मात्र तुमच्या कारखान्यात आहे. मार्च ते मे सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली मागाच्या खडखडाटात घाम निथळतो, आणि माग थांबवावा लागेल म्हणून तुम्ही पाणी पीत नाही. लघवी पिवळीजर्द होते, तिथेच खड्याची पायाभरणी होते. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी हवं. मागाजवळ भरलेली बाटली ठेवा, पाळीत तीनदा संपवा. मालकांनीही पिण्याचं पाणी मागाजवळ आणून द्यायला हवं. कामगाराच्या तब्येतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

कॅल्शियमच्या गोळ्या ही वेगळी बाब आहे, त्या रिकाम्या पोटी स्वतःहून घेऊ नका. आणि पडलेला खडा टाकून न देता तपासायला द्या. तो युरिक ॲसिडचा निघाला तर पथ्य बदलेल. मूत्रपिंडच निकामी होत आलं असेल तर यातलं काहीही लागू नाही, तिथे दुधातला फॉस्फरस रक्तात साचतो म्हणून दूध मोजूनच घ्यावं लागतं.

“वय ६४. दूध प्यायलं की पोटात गुडगुडतं, गुबारा धरतो, कधी जुलाब. गुडघे-कंबर दुखते म्हणून सगळे दूध पी म्हणतात.” – होटगी रोड

मावशी, तुमचं पोट बिघडलेलं नाही. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज बालपणानंतर जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांत कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो. ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो, आणि तिथे थेंबभरही दूध चालत नाही.

लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी पेलाभर दूध जेवणाबरोबर सोसतं. रिकाम्या पोटी नाही. तेही नको वाटत असेल तर विरजणातले जंतू तुमच्यासाठी आधीच काम करून ठेवतात. दह्यात लॅक्टोज घटलेलं असतं, ताकात पाण्यामुळे आणखी कमी, आणि कॅल्शियम दह्यात तेवढंच राहतं.

आता हाडांचं. आपली ज्वारी गुणाची आहे, पण तिच्यात कॅल्शियम फार नाही. दोन भाकऱ्यांतून तीसेक मिलीग्रॅम मिळतं. तुमच्या वयाला रोज हजाराच्या पुढे हवं. वाटीभर दह्यातून दोनशेच्या वर मिळेल, नाचणीच्या एका भाकरीतून जवळपास तेवढंच, आणि दोन चमचे न सोललेल्या तिळातून शंभराच्या वर. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतो, ते एका दिवसापुरतं कशाला? संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली तरी तिळाचा डबा फडताळात असू द्या. शेवग्याचा पालाही घ्या. ड जीवनसत्त्व नसेल तर हे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि साध्या दुधात ड अगदी थोडं असतं. सकाळी उशिराच्या उन्हात हात-पाय उघडे ठेवून बसा, रक्त तपासा. दुधाच्या पिशवीवर ‘एफ’ अक्षर आणि अधिकचं चिन्ह असेल तर त्या दुधात अ आणि ड मुद्दाम मिसळलेलं असतं, ते घ्यायला हरकत नाही. मात्र गुडघ्याची झीज दुधाने भरून येत नाही. तिथे मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम लागतो.

“देशी गाईचं ए-टू दूध दुप्पट भावाने घेतो. फायदा आहे ना?” – विजापूर रोड

दुप्पट पैसे मोजण्याइतका नाही. दुधात बीटा-केसिन नावाचं प्रथिन असतं, २०९ अमिनो आम्लांची साखळी. त्यातल्या ६७ व्या जागी कोणतं आम्ल आहे, एवढाच ए-वन आणि ए-टूमधला फरक. ए-वनमुळे मधुमेह, हृदयविकार होतो असा दावा होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये पुरावे तपासले आणि असा कार्यकारणभाव सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत ती सूचना मागेही घेतली. काही जणांना ए-टूने पोट कमी फुगल्यासारखं वाटतं, तेवढ्यासाठी घ्यायचं तर घ्या. पण म्हशीचं दूधही ए-टूच असतं. लांब शिंगांची आपली पंढरपुरी म्हैस पिढ्यान्‌पिढ्या ए-टू दूधच देत आलीय, जादा भाव न मागता. त्यात स्निग्धांश जास्त असतो, तेव्हा वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर साय काढून प्या. खिलार ही आपली देशी गाय जगावी म्हणून कुणी जास्त पैसे देत असेल तर ते मला पटतं. ते औषध म्हणून नको.

“आमच्याकडे धारोष्ण दूध पितात. उकळल्याने सत्त्व जातं ना?” – मंगळवेढा तालुका

काका, उकळाच. एक उकळी आली की पुरे. कॅल्शियम, प्रथिनं जागेवर राहतात, काही जीवनसत्त्वं थोडी घटतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. आठवडेच्या आठवडे येत-जात राहणारा ताप, घाम, सांधे ठणकणं. गोठ्यात जनावर गाभ टाकत असेल तर घरातल्या तापाचा विचार त्या दिशेनेही करा आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. क्षयाचे जंतूही दुधातून येऊ शकतात. आणखी एक विनंती : बुरशी आलेली सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड जनावराला घालू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं आणि ते उकळूनही जात नाही. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुने तपासले. तब्येतीला घातक भेसळ १२ नमुन्यांत निघाली, अफ्लाटॉक्सिन मात्र मर्यादेपेक्षा जास्त असलेले नमुने साडेतीनशेवर होते.

“व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय, दूध पिणारे लवकर मरतात असं स्वीडनमध्ये सिद्ध झालंय.” – अनेक वाचक

तो अभ्यास खरा आहे, २०१४ चा. दिवसाला तीन पेल्यांहून जास्त दूध पिणाऱ्या स्त्रियांत मृत्यू आणि हाडं मोडणं जास्त आढळलं. पण हा निरीक्षणाचा अभ्यास होता, दुधामुळेच हे झालं असं त्यातून ठरत नाही. ते खुद्द संशोधकांनीच लिहून ठेवलंय. २०१८ मध्ये भारतासह २१ देशांतल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांची माहिती आली. त्यात दूध-दही खाणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू उलट कमी दिसले. तोही निरीक्षणाचाच. आपल्याकडे तीन पेले दूध पिणारी बाई मला अजून भेटायची आहे. बहुतेकींच्या वाट्याला चहातलं दूध येतं. शाकाहारी घरात दूध-दही पूर्ण सोडलं तर बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व मिळायला दुसरी जागा जवळपास उरत नाही, मग गोळी घ्यावीच लागेल.

“थायरॉइडची गोळी सकाळी दुधाबरोबर घेते. चालेल?” – शेळगी

नाही. नुसत्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. चहा किमान अर्ध्या तासाने आणि पेलाभर दूध चार तासांनी. लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि दुधात दोन तास जाऊ द्या, ती लिंबूपाण्याबरोबर घ्या.