ओपन सोर्स प्रकल्पात रिलीजची तारीख आधी ठरवावी, की बग संपेपर्यंत थांबावं? आणि क्वालिटीचा शेवटचा शब्द कुणाचा?

तारीख आधी ठरवा. बग संपत नसतात. थांबत बसलं की काय होतं बघा: डेबियन या लिनक्स सिस्टिमचं वुडी हे व्हर्जन जुलै २००२मध्ये आलं आणि पुढचं, सार्ज, थेट जून २००५मध्ये. याउलट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन आठवडे मर्ज विंडो (नवा कोड आत घ्यायची मुदत), मग साधारण दर आठवड्याला एक आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे तपासणीसाठीचं व्हर्जन), आणि सातव्या-आठव्या आरसीनंतर रिलीज. फीचर हुकलं तरी नऊ-दहा आठवड्यांत पुढची संधी असते, म्हणून अर्धवट कोड घुसवायची घाई होत नाही.

पण तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही.

मी एका मोठ्या प्रकल्पात मराठीचं टेस्टिंग करायचे, नाव घेत नाही. फ्रीझ लागल्यावर, म्हणजे रिलीजआधी नवे बदल बंद झाल्यावर, कुणीतरी मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आत घेतलं, 'किरकोळ अपडेट' म्हणून. पुढच्या आरसीत मी नेहमीची फाईल पीडीएफ केली, तर 'दऱ्या'चं 'दर्या' आणि 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना'! स्क्रीनवर बरोबर, पीडीएफमध्ये चूक. कोडमधल्या कोणत्या बदलापासून (कमिटपासून) बिघडलं ते गिट बायसेक्ट या साधनाने शोधलं, नमुना फाईल जोडली आणि बग ब्लॉकर करा, म्हणजे तो सुटेपर्यंत रिलीज थांबवा, अशी मागणी केली. रिलीज मॅनेजर म्हणाले, एकाच भाषेचा प्रश्न आहे, पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये (छोट्या दुरुस्ती व्हर्जनमध्ये) बघू. त्याच बैठकीत प्रोग्रॅम उघडताना दिसणाऱ्या स्प्लॅश स्क्रीनवरचा धूसर लोगो मात्र ब्लॉकर ठरला.

मी भांडले, आजही भांडेन. मी नवं फीचर मागत नव्हते. आधी चालत होतं ते मोडलं होतं, म्हणजे सरळ रिग्रेशन. वापरणाऱ्याचं चालतं काम मोडायचं नाही, हे लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं कर्नलमध्ये लावून धरतात. इथे लायब्ररी एक व्हर्जन मागे न्यायची होती, बस्स. नेली नाही. रिलीज तारखेला गेलं आणि माझ्या ओळखीतल्या, मराठी पत्रकं छापणाऱ्या मंडळींनी जुनं व्हर्जन परत टाकलं.

शेवटचा शब्द माणसाचा नको, लिखित निकषांचा हवा. फेडोरा या लिनक्स सिस्टिमच्या प्रकल्पात ते आधीच लिहिलेले असतात, त्यांत बसणारा बग ब्लॉकर होतो आणि रिलीज करायचं की नाही ते ठरवणाऱ्या गो/नो-गो बैठकीत ब्लॉकर उघडा असला की सहसा तारीख पुढे जाते. २०२२मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या सुरक्षा दुरुस्तीसाठी फेडोरा ३७ थांबवलं, ते १५ नोव्हेंबरला आलं. अशा कारणासाठी तारीख हलली तर कुणाची तक्रार नसावी.

तुमच्या निकषांत एक ओळ नक्की घाला: आधी नीट छापली जाणारी कुठलीही लिपी बिघडली तर ब्लॉकर, वापरणारे कितीही असोत. फ्रीझनंतर लायब्ररी बदलायची तर दोघांची मंजुरी घ्या, त्यातला एक टेस्टर असू दे.

दोघातिघांचा प्रकल्प असेल तर एवढा पसारा नको, आपोआप चालणाऱ्या टेस्ट हिरव्या (पास) झाल्या की टॅग करा, म्हणजे तेच व्हर्जन रिलीज म्हणून नोंदवा. आणि सगळे फुकट काम करत असतील तर तारखेवरून कुणाला धारेवर धरू नका. पण त्या टेस्टमध्ये पीडीएफ ताडून बघणारी एक देवनागरी फाईल ठेवाच, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' दोन्ही असलेली. आमच्याकडे ती असती तर बिल्ड तिथेच लाल झाला असता आणि 'एकाच भाषेचा प्रश्न' म्हणायची कुणाला सोयच उरली नसती.