बर्मानी की स्पॅट्युलाटा?

लेबल नसलेलं ड्रॉसेरा (चिकट पानांनी किडे पकडणारं झाड) आलं असेल आणि बर्मानी व स्पॅट्युलाटा या त्याच्या दोन जातींपैकी कोणती हे ओळखायचं असेल, तर लाल रंगावर अजिबात जाऊ नका. ऊन वाढलं की दोन्ही लाल होतात. आधी पानाची कड बघा. बर्मानीत कडेचे तंतू लांब असतात आणि चिलट बसलं की काही सेकंदांत आत वळतात, डोळ्यांदेखत! स्पॅट्युलाटा याबाबतीत फारच संथ.

तरी शंका उरली तर फुलाची वाट बघा. फूल थोडाच वेळ उघडतं, तेवढ्यात भिंग लावून अंडाशयावरचे धागे मोजा. बर्मानीत सहसा पाच, टोकाशी फाटलेले. स्पॅट्युलाटात तीन, पण बुडापासूनच दुभंगलेले, म्हणून सहा वाटतात. इथेच बरेच जण फसतात. बर्मानी निघालं तर बी नक्की धरा, ते बहुधा वर्षभरच जगतं.