ट्रेडमिलवरचा कॅलरीचा आकडा कितपत खरा?

नाशिकच्या गंगापूर रोडच्या जिममध्ये ८ च्या स्पीडला (म्हणजे ताशी ८ किलोमीटर) अर्धा तास धावलात, वजन ५५ किलो, मशीनने ३१५ कॅलरी दाखवल्या. आकडा जास्तच आहे. वजन न टाकता थेट स्टार्ट दाबलं असेल, तर मशीनने बहुधा ७० किलो धरलंय.

सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ कॅलरी लागते. अर्ध्या तासात ४ किलोमीटर झाले, म्हणजे ५५ × ४ = २२०. नुसतं बसून राहिलात तरी अर्ध्या तासात २५-३० जातातच. मशीन त्याही आपल्या आकड्यात मिळवतं. वजन कमी करायचं असेल तर २२० च धरा. गोदापार्कला ४ किलोमीटर धावलात तरी हिशोब जवळपास हाच.

दांडी धरून धावू नका! हातांवर भार गेला की मेहनत घटते, आकडा मात्र तोच राहतो. चढ लावलेला असताना तर फारच फरक पडतो.

पट्टा जुना असेल तर स्पीडही तपासा. पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा, कुणालातरी धावायला लावा आणि २० फेऱ्यांचा वेळ घ्या. पट्ट्याचा पूर्ण वेढा ३ मीटर असेल तर ८ च्या स्पीडला २७ सेकंद लागायला हवेत. ३० लागले, तर खरा स्पीड ७.२ आहे.