हॅश जुळला नाही, आता पुढे काय?

प्रश्न (हर्णै, ता. दापोली): परदेशी वेबसाइटवर क्रिप्टोने लॉटरीची तिकिटं घेतली. सोडतीआधी त्यांनी हॅश (मजकुरापासून गणिताने निघणारा, त्याच्या बोटाच्या ठशासारखा कोड) जाहीर केला, नंतर मूळ सीड (ज्यावरून जिंकणारा आकडा काढतात तो मजकूर). भाच्याने पडताळलं तर जुळत नाही. बंदरावरच्या चौघांचे पैसेही मीच भरले होते. बक्षीस मागता येईल का?

उत्तर: बक्षिसाची आशा सोडा. १९९८ च्या लॉटरी कायद्याने लॉटरी फक्त राज्य सरकारं चालवू शकतात, आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेतल्या पैशांसाठी दावाच करू देत नाही.

फसवणुकीची तक्रार मात्र करता येते, आणि भाच्याने केलेलं काम इथे मोलाचं आहे. सीडमधलं एक अक्षर किंवा एखादी मोकळी जागा बदलली तरी हॅश पूर्ण बदलतो, म्हणून कॉपी नीट झाली का ते पुन्हा बघा. तरीही जुळत नसेल, तर आधी ज्याचा हॅश दिला ते सीड हे नव्हे, एवढं ठामपणे म्हणता येतं. जुळला असता तरी सोडत स्वच्छ ठरली नसती, बरं का. सीड त्यांनीच निवडलं असेल तर जिंकणारा आकडा त्यांना आधीच ठाऊक असू शकतो, आणि खरी तिकिटं किती विकली हे हॅश सांगत नाही.

नुसत्या स्क्रीनशॉटवर भागणार नाही. साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश लिहावा लागतो. एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत तिथेही चालते. सोडतीआधीचा हॅश ज्या फोनवर दिसला तो फोन फॉरमॅट करू नका. क्रिप्टो वॉलेटचा पत्ता, व्यवहार क्रमांक आणि क्रिप्टो घेतली तेव्हाचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा.

मला खरी काळजी आहे ती त्या चौघांच्या पैशांची. याच लॉटरी कायद्याचं कलम ७ बेकायदा लॉटरीचा एजंटच नव्हे, तिकीट विकत घेणाराही पकडतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुम्ही कमिशन घेतलंत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतलं असेल तर प्रकरण फार वेगळं होतं. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करण्याआधी किंवा दापोली पोलीस ठाण्यात लेखी जबाब देण्याआधी वकिलाला सगळं खरं सांगा, पण त्यात दिवस घालवू नका. पैसे पुढच्या वॉलेटमध्ये सरकत राहतात. कोणाकडूनही आणखी पैसे गोळा करू नका. आणि ‘आधी टॅक्स भरा, मग रक्कम सोडतो’ असा मेसेज आला, तर एक रुपयाही पाठवू नका. तो मेसेजही तक्रारीला जोडा.